जुनेर, मोरीचं पाणी आणि वैशाख



वैशाखाचं ऊन तापलंय. पापड-कुरडयांचे डबे भरून झालेत, मसाला कुटून झालाय, लग्नसराई अजून संपायची आहे. अशा दिवसांत "उन्हाळा आनंदात कसा घालवावा" यावर बोलायचं ठरलं, तेव्हा गटातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, उन्हाळा आपण कुठं घालवतो, तोच आपल्याला कामाला लावून निघून जातो." हे बाकी खरं. उन्हाळ्याची सुट्टी ही शाळा-कचेऱ्यांनी आणलेली गोष्ट आहे. आपल्या आज्या-पणज्यांना सुट्टी नव्हती. त्यांच्याकडे होती दुपार. रब्बी घरात आलेली, पेरणीला अजून महिना, आणि बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन. त्या दुपारी त्या ओटीवर, नाहीतर लिंबाच्या सावलीत गोधडी घालायच्या, आणि ऊन कलल्यावर परसातल्या वेलांना पाणी द्यायच्या.

या दोन कामांचा इतिहास आज सांगणार आहे. शाळेच्या पुस्तकात तो एका ठिकाणी सापडत नाही. तुकड्या-तुकड्यांनी जमवावा लागतो, गोधडीसारखाच.

पहिला तुकडा दगडाचा. नाशिकजवळ मुंबई रस्त्याला पांडवलेणी आहेत, तुमच्यातल्या बऱ्याच जणी चढून आल्या असतील. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक लेख कोरलेला आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात याने तो कोरवला. त्यात तारीख दिली आहे: वर्ष ४२, महिना वैशाख. म्हणजे हेच दिवस.

लेखात लिहिलंय की उषवदाताने हे लेणं भिक्षूंच्या संघाला दिलं आणि सोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिली. ही ठेव ठेवली कुठे? गोवर्धन या गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ, आपल्या गटासारखा, फक्त फार मोठा. एका विणकर श्रेणीकडे २०००, व्याज शेकडा एक, दरमहा. दुसऱ्या विणकर श्रेणीकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. मुद्दल कधीच परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० च्या व्याजातून पावसाळ्याचे दिवस या लेण्यात काढणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे. १००० च्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च.

आता आपल्या वहीत मांडतो तसा हिशोब मांडा. दोन हजारावर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०. वर्षाचे २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे २४०. एक नाणं इकडे-तिकडे नाही! आपल्या बऱ्याच गटांत अंतर्गत कर्जाला शेकडा दोन लावतात, तर या विणकरांना ठेव त्याच्या निम्म्या दराने मिळाली होती. आणि हे सगळं नगराच्या सभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे. म्हणजे ठराव घेऊन, इतिवृत्त लिहून.

त्याच लेखात शेवटी आणखी एक नोंद आहे. चिखलपद्र नावाच्या गावी नारळाची ८००० झाडं दिली. कापड, बाग, व्याज आणि वैशाख, सगळं एकाच दगडावर. मला हा लेख कळला तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होते. उषवदाताची बायको दक्षमित्रा, म्हणजे नहपानाची मुलगी, हिने दिलेल्या एका खोलीची नोंदही त्याच लेण्यात आहे. राजाच्या मुलीचं नाव दगडात राहिलं. पण गोवर्धनच्या मागांना सूत पुरवणाऱ्या बायका कोण होत्या? त्यांचं नाव कुठे नाही.

सूत बायकाच काढायच्या, हे बाकी दुसऱ्या एका जुन्या ग्रंथावरून कळतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूत खात्याचा एक अधिकारी सांगितला आहे. त्याने विधवा, अपंग स्त्रिया, म्हाताऱ्या अशांकडून कापूस, लोकर, ताग यांचं सूत काढून घ्यावं, सूत बारीक की जाड हे बघून मजुरी ठरवावी, आणि ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासीच्या हाती काम घरपोच पाठवावं, असं त्यात लिहिलंय. घरबसल्या कामाची पद्धत आजची नाही, हे यावरून दिसतं. शिक्षाही लिहिल्या आहेत. मजुरी द्यायला उशीर केला तर अधिकाऱ्याला दंड. मजुरी घेऊन काम केलं नाही तर बाईचा अंगठा तोडायचा. एकाला पैशाचा दंड, दुसरीचा अंगठा! न्यायाचं पारडं कुणीकडे झुकलंय ते तुम्हीच बघा.

त्याच सुमारास, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, एका ग्रीक खलाशाने समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्यात आपलं पैठण आहे आणि तगर आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथून साधं कापड मोठ्या प्रमाणात आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोच बंदरात जाते, असं तो लिहितो. पैठण म्हटलं की आपल्याला पैठणीच आठवते. पण त्या खलाशाच्या नजरेत तेरचं साधं, रोजचं कापडही भरलं होतं. मला त्याचं कौतुक वाटतं.

आता कापडाकडून गोधडीकडे येऊ. बौद्ध भिक्षूंचं चीवर हे मुळात चिंध्यांचं. टाकून दिलेलं कापड वेचायचं, धुवायचं, तुकडे जोडायचे. विनयपिटकात एक गोष्ट आहे. मगध देशातून जाताना बुद्धांना भाताची खाचरं दिसली, बांध घातलेली, चौकोनी, एकाला एक लागून. त्यांनी आनंदाला विचारलं, अशा आकाराचं चीवर शिवता येईल का? आनंदाने तसं शिवून दाखवलं. शेताचा नकाशा कापडावर आला तो असा. आपल्या गोधडीची चौकडी पाहिली की मला ही गोष्ट आठवते. आपल्या गोधडीचा वंश थेट तिथून आला असं मी म्हणणार नाही. फाटकं जोडून पांघरायला कुणी शिकवावं लागत नाही. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे, कर्नाटकात कौदी आहे, आपल्याकडे गोधडी आणि दक्षिणेकडे तीच वाकळ. जिथे जिथे जुनं सुती कापड होतं आणि बायकांच्या हातात सुई होती, तिथे तिथे ती झाली.

आपल्याकडे ती लुगड्यातून झाली. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर कापड. या कापडाचा संसार केवढा होता बघा. नवं असताना ते सणावाराला, पाहुणेरावळे जाताना. मग रोजच्या वापराला. मग मधला भाग विरायचा, कारण बसायला-उठायला ताण तिथेच पडतो, पण दोन्ही टोकं धड असायची. तेव्हा विरलेला भाग कापून काढायचा आणि टोकं जोडून घ्यायची. याला दंड घालणं म्हणत. दंड घातलेलं लुगडं नेसणं ही गरिबीची खूण होती, तशी बाईच्या कसबाचीही. जोड दिसणार नाही असा निऱ्यांत लपवायचा, हे सगळ्यांना जमत नसे. तेही फाटलं की जुनेर झालं. जुनेरातून बाळाचं दुपटं, लंगोट, झोळी. मग गोधडीचा गाभा. गोधडीही फाटली की तिचे तुकडे चुलीपाशी धरायला, आणि सगळ्यात शेवटी पोतेरं. सव्वाआठ मीटरमधला एक वीतभर तुकडाही वाया जात नव्हता.

गोधडी उन्हाळ्यातच का घालायची, याला कारणं आहेत. जुनेर उकळत्या पाण्यात घालून धुतलं तरी त्यातला ओलसरपणा पूर्ण जायला कडक ऊन लागतं. ओल राहिलेला गाभा पावसाळ्यात कुबट होतो, त्यात कसर लागते. दुसरं, गोधडी जमिनीवर पसरून घालावी लागते, आणि एवढी जागा खळं रिकामं झाल्यावरच मिळते. तिसरं म्हणजे माणसं. चार कोपऱ्यांवर पाट-वरवंटे ठेवून कापड ताणायचं, चारी बाजूंना चौघींनी बसायचं आणि कडेकडेने धावदोरा घालत आत आत यायचं. चौघींना एका वेळी मोकळीक मिळायची ती याच दिवसांत, आणि माहेरवाशिणी आलेल्या असायच्या त्याही याच दिवसांत. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी होतात. आपल्या बायकांच्या कॅलेंडरात उन्हाळ्याची खरी सुट्टी कुठली असेल तर ती आखाजी. त्या लेकी सासरी परत जाताना गोधडी सोबत जायची. तिच्यात आईच्या, आजीच्या, काकीच्या लुगड्यांचे तुकडे. सासरी नवीन घरात रात्री पांघरूण ओळखीचं असायचं.

ज्यांना हे फार गोड वाटत असेल त्यांना आठवण देते. ज्या घरात वर्षाला एकच लुगडं यायचं तिथे गोधडीला जुनेर कुठून येणार? तिथे गोणपाट पांघरत. काही गावांत गोधड्या शिवून देणाऱ्या बाया होत्या, धान्यावर काम करायच्या. दुसऱ्यांच्या घरी जाड गोधड्या घालून स्वतःच्या घरी पातळ पांघरून निजायच्या. गोधडीत जात आणि जमीनसुद्धा शिवलेली आहे.

मग गिरण्या आल्या. कावसजी दावर यांनी मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती सुरू झाली. त्याआधीच विलायती सूत आणि कापड आपल्याकडे येऊ लागलं होतं. घराघरातलं सूत कातणं बंद पडत गेलं. कापूस आपल्या शेतातला, पण त्याचं सूत कातण्याची मजुरी बाईच्या हातून गेली. इतिहासाच्या पुस्तकात विणकर देशोधडीला लागले असं येतं आणि ते खरंच आहे. पण एका विणकराच्या मागे सूत कातणाऱ्या कितीतरी बायका असत, त्यांचं काय झालं हे एका ओळीत संपतं.

मला असं वाटतं की गोधडी घरोघर झाली ती गिरणीच्या स्वस्त कापडामुळेच. हा माझा अंदाज आहे, पण विचार करून बघा. कापड हातचं आणि महाग होतं तेव्हा जुनेर साठवून चार-पाच थरांचं पांघरूण करणं कितीजणींना परवडणार? गिरणीने बायकांचं कातणं घेतलं आणि त्यांच्या हातात चिंधी ठेवली. त्या चिंधीचं त्यांनी पांघरूण केलं.

दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली. १९४३ साली सरकारने कापड आणि सूत यांवर नियंत्रण आणलं. जुन्या बायकांच्या तोंडी "कंट्रोल" हा शब्द होता तो या दिवसांतला. त्याच युद्धाच्या काळात सरकारने "अधिक धान्य पिकवा" ही मोहीम काढली. आपल्या आज्यांना त्यात नवीन काय वाटणार? पिकवत होत्याच, जोडत होत्याच.

पुढे गावोगावचे पुरुष गिरणीत गेले, बायका गावी शेती बघत राहिल्या. मुंबईहून येणाऱ्या ट्रंकेत कापड असायचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप कधी मिटला असं म्हणताच येत नाही, गिरण्याच मिटल्या. साधारण त्याच वर्षांत सुती लुगडं-पातळ मागे पडून टेरिलीन, नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या घराघरात आल्या. त्यांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही, कारण त्या पटकन वाळतात, विरत नाहीत, इस्त्री लागत नाही, आणि शेतात राबणाऱ्या बाईला ते सोयीचंच आहे. पण त्यांचं जुनेर होत नाही. पाच वर्षं नेसलेली पॉलिएस्टरची साडी मऊ पडत नाही, घाम शोषत नाही, आणि थर लावले की एकमेकांवरून सरकतात. म्हणून आता गोधडीचा गाभा मिळत नाही. पन्नाशीच्या पुढच्या बायकांच्या ट्रंकेत जे काही सुती उरलंय, तेवढंच.

आता परसाकडे जाऊ. गोधडीला जसं जुनेर, तसं परसाला मोरीचं पाणी. न्हाणी-मोरीतून जे सांडपाणी बाहेर जातं त्या वाटेवर आळू, केळ, कर्दळ. भांड्यांच्या पाण्याला दुधी, दोडका. विहिरीवरून डोक्यावर आणलेलं पाणी आधी माणसाला, मग भांड्याला, मग झाडाला. एका हंड्याचे तीन उपयोग. चैत्र-वैशाखात शेत उजाड असतं तेव्हा हिरवं दिसतं ते याच पाण्याच्या ओघळावर.

आणि या छोट्या तुकड्यावर निम्मं जग आलेलं आहे. वांगं आपलं इथलंच. आळू आशियातलं. पण मिरची? मिरची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या बाजूला उतरली. त्याआधी आपल्या आमटीला तिखटपणा यायचा तो मिरी, पिंपळी आणि आल्याने. पेरू, पपई, सीताफळ, लाल भोपळा, बटाटा, टोमॅटो, हे सगळं त्याच दूरच्या मुलखातून आलेलं. टोमॅटोला जुन्या बायका बेलवांगी म्हणत, विदर्भ-खानदेशकडे भेदरं म्हणतात. म्हणजे नवीन फळ आलं तेव्हा आपल्या बायकांनी त्याला वांग्याच्या कुळात घातलं. गंमत म्हणजे शास्त्रज्ञही तेच सांगतात, वांगं आणि टोमॅटो एकाच कुळातले. आपल्या बायांनी ते पानं-फुलं बघून ओळखलं असावं.

ही सगळी परकी झाडं शेतात कशी आली याचा इतिहास व्यापाऱ्यांच्या नावाने लिहिला जातो. पण कुठलंही नवं बी आधी शेतात लावायला कोण धजावणार? दोन बिया परसात टोचायच्या, उगवतंय का बघायचं, चव घ्यायची, मग बी धरायचं. परस ही बायकांची प्रयोगशाळा होती, असं मला अगदी ठामपणे वाटतं.

बी धरण्याचं कामही उन्हाळ्याचंच. वेलावर एक फळ मुद्दाम सोडायचं, पहिलं नाही आणि शेवटचं नाही, मधल्या बहरातलं. ते वाळू द्यायचं. बी काढून, सावलीत सुकवून, राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. राखेने किडा लागत नाही आणि ओल ओढली जाते. आखाजीला वेलांची आळी करायची, रोहिणीत नाहीतर मृगाच्या तोंडावर बी टोचायचं. घेवड्याचे पाच प्रकार एका गावात असायचे, आणि कुणाच्या घरचं कुठलं हे बायकांना पाठ असायचं. मागायला आलेल्या बाईला बी नाही म्हणायचं नसे.

साठच्या दशकात संकरित बियाणं आलं. ज्वारी आली, पुढे कापूस आला. धान्य वाढलं, त्याबद्दल वाकडं बोलू नये, पोटं भरली त्याने. पण दरवर्षी पिशवी विकत घ्यायची वेळ आली, आणि पिशवी घ्यायला दुकानात पुरुष जातो. बी घरात होतं तोवर त्याचा निर्णय बाईकडे होता. शेतातलं जुनं बी गेलं. जे थोडं राहिलं ते परसात राहिलं, कारण तिकडे कुणी लक्षच दिलं नाही.

इथे मला खरा मुद्दा सांगायचा आहे. या दोन कामांत आनंद होता असं जुन्या बायका सांगतात, तो कशाचा? कष्ट तर होतेच. पाणी लांबून आणायचं, दाभणाने बोटं सोलायची. माझ्या मते आनंद एवढ्याचा होता की इथे त्यांना कुणी विचारत नव्हतं. शेतात काय पेरायचं हे सासरा ठरवायचा, नवं लुगडं कुठलं घ्यायचं हे बाजारात गेलेला नवरा ठरवायचा. पण भोपळ्याचा वेल गोठ्यावर चढवायचा की कुडावर, आणि हिरव्या काठाशेजारी लाल तुकडा लावायचा की पिवळा, हे ती ठरवायची. दिवसभरात तेवढंच तिच्या मनासारखं व्हायचं. म्हणून त्या उन्हातही बसायच्या.

आणि हेही दरवर्षी मिळायचं असं नाही. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना विचारा. विहिरी आटल्या, मोरीला पाणी नाही तर आळू कुठून? दुपार तर उरलीच नाही. दुपारी खडी फोडायची होती. लाल मिलो खाऊन आणि सुकडी खाऊन बायकांनी रस्ते केले, तलाव केले. त्या कामांतूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली मंजूर झाला आणि १९७९ पासून लागू. देशाने तो धडा पुढे २००५ साली घेतला. गंमत बघा, त्या खडीच्या कामावर हजेरीपटात बाईचं नाव लागलं, मजुरी हातात पडली. ज्या कामात जीव जायचा ते काम मोजलं गेलं. ज्यात जीव रमायचा ते आजतागायत मोजलं जात नाही.

मोजलं जात नाही, हे मी उगीच म्हणत नाही. देशात रोजगाराची जी सरकारी नमुना पाहणी होते तिच्यात प्रत्येक माणसाला एक कोड देतात. नुसतं घरकाम करणारीला ९२. आणि घरकाम करून शिवाय भाजी, सरपण, चारा गोळा करणारी, घरच्यासाठी शिवण-विणकाम करणारी, तिला ९३. म्हणजे आपण. पण ९२ काय आणि ९३ काय, दोन्ही कोड "काम न करणाऱ्या" गटात धरतात. काही वर्षांच्या पाहण्यांत तर अशा बायकांना परसबाग सांभाळता का, शिवणकाम करता का, असं वेगळं विचारलेलंही आहे. विचारलं, लिहून घेतलं, आणि तरी कामगारांत मोजलं नाही.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. घरातल्या आजारपणाचं कारण शोधताना त्या गावरान बियांकडे वळल्या. वाल-घेवड्याचे किती प्रकार, भात, भाज्या, सगळं जपलं, बायकांचे गट केले, बियाणं बँक उभी केली. बायफ संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांनी जे केलं त्याची सुरुवात परसातून झाली, त्याच कोड ९३ मधून.

गोधडीचंही आता शहरात नाव झालंय. हाताने घातलेल्या गोधडीला दुकानांत आणि प्रदर्शनांत मागणी आहे. आनंदाची गोष्ट आहे, पण भाव नीट धरा. आमच्या भागात एका व्यापाऱ्याने गोधड्या नगावर घेतल्या, कापड बायकांचं, दोरा बायकांचा, आणि भाव त्याचा. गटाने पुढच्या वेळी हिशोब मांडला तो असा: रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती. समजा एका मोठ्या गोधडीला सगळे मिळून आठ-आठ तासांचे दहा दिवस लागले, तर नुसती मजुरीच ३१२० रुपये. वर कापड, दोरा, धुणं. तुमचे तास तुम्ही मोजा, कुणाला सात दिवस लागतील, कुणाला पंधरा. पण सुरुवात मजुरीपासून करा. "फावल्या वेळात केली" असं गिऱ्हाईकासमोर म्हणू नका. फावला वेळ हाही तुमचाच वेळ आहे.

ज्यांना विकायची नाही, घरासाठीच करायची आहे, त्यांनी बिनधास्त करा. सगळ्याच गोष्टी बाजारात नेल्या पाहिजेत असं माझं मत नाही.

आणखी एक काम याच महिन्यात करून घ्या. ज्या परसात तुम्ही राबता ती जागा घराच्या उताऱ्यात येते. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना आठचा उतारा काढा आणि त्यावर तुमचं नाव आहे का बघा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ साली केली, देशाने २००५ साली. कायदा होऊन एवढी वर्षं झाली, पण उताऱ्यावर नाव चढवायला अर्ज आपल्यालाच करावा लागतो. ग्रामपंचायतीत एकटीने जायला संकोच वाटत असेल तर गटाच्या बैठकीच्या दिवशी चौघी मिळून जा, गोधडीला बसता तशा.

मृग सात जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी परसात आळी करून शेणखत घालून ठेवा. ज्यांच्याकडे गावरान दोडका, घेवडा, पडवळ, डांगर यांचं बी आहे त्यांनी पुढच्या बैठकीला मूठभर आणा, प्रत्येक पुडीवर बीचं नाव आणि ते कुणाच्या घरून आलं तिचं नाव लिहून. आणि गोधड्या पुऱ्या करत असाल तर पाऊस यायच्या आत शेवटचं ऊन दाखवून घडी घाला. घडी घालण्याआधी उलट्या बाजूला एका कोपऱ्यात साखळी टाक्याने तुमचं नाव आणि साल भरा. चार-पाच अक्षरांचं नाव असेल तर अर्धा तास पुरतो.